पाय धुतले, आता हिशेब?

आज जरा घरचंच लिहितो. राग आला तरी शेवटपर्यंत वाचा.

मागच्या आठवड्यात एका चर्चच्या वार्षिक सभेला गेलो होतो. नाव टाकत नाही, मला याच भागात राहायचंय. एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी उभं राहून एवढंच विचारलं, "कब्रस्तानाच्या भिंतीसाठी वर्गणी काढली होती, तिचा हिशेब कुठंय?" समोरून उत्तर आलं, "म्हणजे आमच्यावर विश्वास नाही का?" बाई खाली बसल्या. प्रार्थना झाली, चहा झाला, सभा संपली. हेच पंच दुःखसहनाच्या आठवड्यात, गुरुवारी, कमरेला टॉवेल बांधून लोकांचे पाय धूत होते. फोटो अजून ग्रुपवर आहेत.

ते पाय धुणं खोटं होतं असं मी म्हणत नाही. पण नम्रता म्हटलं की आपल्याला फक्त तो टॉवेल आठवतो. शमुवेल आठवत नाही. माणसानं आयुष्यभर इस्राएलाचा न्यायनिवाडा केला, केस पिकले, लोकांनी राजा मागितला, शौल राजा झाला. तेव्हा हा म्हातारा सगळ्या लोकांपुढे, नव्या राजाच्या देखत उभा राहिला आणि विचारलं, मी कुणाचा बैल घेतलाय, कुणाचं गाढव घेतलंय, कुणाकडून लाच खाल्लीय? सांगा, परत करतो. पहिलं शमुवेल, अध्याय १२. स्वतःची पोरं लाच खाणारी निघाली होती, हे त्याच पुस्तकात चार अध्याय आधी लिहिलंय. घरात एवढी लाज असताना तो उभा राहिला. कुणी विचारायची वाट बघितली नाही.

पौलाचंही तसंच. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा होत होती. एवढा मोठा प्रेषित, त्याला कोण विचारणार? तरी त्यानं तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला माणूस दिला. पैशावरून कुणी बोट दाखवू नये म्हणून. देवाला सगळं ठाऊक आहे, असं म्हणून तो मोकळा झाला नाही.

आता दोष एकट्या पंचांचा नाही, हेही लिहितो. याकोब-योहानानं उजवी-डावी जागा मागितली तेव्हा बाकीचे दहा चिडले. का चिडले? मला विचाराल तर, त्यांनाही तीच हवी होती. लूक तर सांगतो की शेवटच्या भोजनाच्या पंगतीतच मोठा कोण यावर वाद चालला होता. आपल्याकडे निवडणुकीला दोन पॅनल असतात. हरलेलं पॅनल हिशेब मागत राहतं, जिंकलं की विसरतं. दोन्ही पॅनलमध्ये माझे नातेवाईक आहेत, त्यामुळे रविवारी माझं काय होणार ते बघू.

बाईंना उत्तर अजून मिळालेलं नाही. येत्या रविवारी उपासनेनंतर चर्चच्या बोर्डावर एक कागद लावा. जमा किती, विटा-सिमेंट किती, मजुरी किती, शिल्लक किती. टाचण्या मी आणतो.