हेड इथलं, ब्लॉक तिथला

परवा शनिवारी ऑफिसातला एक ज्युनियर घरी आला. हातात एक्सेल शीट. "दादा, सगळ्यात भारी हेड आणि सगळ्यात मोठा ब्लॉक शोधलाय. जोडला की झालं!" मी चहा टाकला आणि मनातल्या मनात कपाळावर हात मारला. २००६ साली न्यू जर्सीत मी नेमकं हेच केलं होतं.

होंडाच्या बी सिरीजमधली ही जुनी जोडी. खाली इंटेग्रा एलएसचा बी१८बी ब्लॉक, १८३४ सीसी, पण व्हीटेक नाही. वर १५९५ सीसीच्या बी१६ए चं व्हीटेक हेड. दोन्हींचा बोअर ८१ मिमी, म्हणून हेड बसतं. पण व्हीटेकला लागणारं तेल वर न्यायची वाटच या ब्लॉकमध्ये नाही; बाहेरून लाइन टाकावी लागते. एवढं सगळेच सांगतात. खरी गोम पुढे आहे.

बी१६ए चा स्ट्रोक ७७.४ मिमी, बी१८बी चा ८९. व्हीटेक हेडची मजा ८२०० आरपीएमला. तिथे बी१६ए चा पिस्टन सरासरी २१ मीटर प्रति सेकंद धावतो, ८९ च्या क्रॅंकवर तोच आकडा २४ च्या वर जातो. शिवाय रॉड बोल्टवरचा ताण आरपीएमच्या वर्गाने वाढतो. एलएसच्या ६८०० वरून ८२०० ला गेलात की तो सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त. आणि बोल्ट मात्र तेच, साध्या इंजिनाचे!

मी ते बदलले नव्हते. दोघांच्या एका डिनरचे पैसे वाचवले. हायवेवर तिसऱ्या गिअरमध्ये बोल्ट तुटला, रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला, आणि मागच्या गाडीसमोर तेलाचा सडा. मागचा माणूस वाचला, ते त्याचं नशीब. माझी हुशारी नव्हे.

म्हणून मला त्या "बेस्ट पार्ट" वाल्यांचा राग येतो. ते पार्ट-पार्टची तुलना करतात, इंजिनाची नाही. अहो, खुद्द होंडाकडे ८९ चा क्रॅंक आणि व्हीटेक हेड दोन्ही होतं! तरी १.८ लिटरचा व्हीटेक बी१८सी करताना त्यांनी स्ट्रोक ८७.२ वर आणला, रॉड थोडा लांब केला आणि पिस्टनखाली तेलाचे फवारे दिले. सीसी कमी झाले, १७९७. त्यांना बेरीज येत नव्हती का?

ही जोडणी करूच नका असं नाही. नवे बोल्ट टाका, कॉम्प्रेशन स्वतः मोजा, पिस्टनवर क्ले लावून व्हॉल्व्हचं अंतर तपासा, रेडलाइन खाली ठेवा. कंपाइल झालं म्हणून कोणी थेट प्रॉडक्शनला टाकतं का?

असो. ज्युनियरच्या शीटमध्ये हॉर्सपॉवरचा कॉलम होता, रॉड बोल्टचा नव्हता. जाताना तो भरायला लावलाय. तोवर त्याचा टॉर्क रेंच माझ्याकडे.