तक्रारवहीत न मावणारा आवाज

डब्लिनच्या दक्षिण उपनगरांत २०२५ मध्ये आवाजाचा प्रश्न चर्चेत आला. ड्रोनने खाद्यपदार्थ घरपोच करणाऱ्या मॅना या कंपनीने सँडीफोर्डच्या शेजारच्या डंड्रममध्ये केंद्र उभारण्यासाठी त्या वर्षी नियोजन परवानगी मागितली आणि रहिवाशांच्या हरकतींचा ओघ सुरू झाला. ब्लँचर्ड्सटाउनकडे ही सेवा तेव्हा आधीपासून चालत होती. तेथील तक्रारींतही डोक्यावरून वारंवार जाणाऱ्या गुणगुणाटाचा मुद्दा पुढे होता. ड्रोनच्या कितीतरी पट मोठा आवाज करणारे एक यंत्र मात्र याच परिसराने केव्हाच आपले मानले आहे. ते म्हणजे तटरक्षक दलाचे बचाव हेलिकॉप्टर.

सँडीफोर्डच्या काचेच्या कार्यालयांमागे डोंगर चढू लागतो आणि थोड्याच अंतरावर ग्लेनकलन हे गाव लागते. सुटीच्या दिवशी येथे पदभ्रमंती करणाऱ्यांची आणि जॉनी फॉक्सच्या पबमध्ये जेवायला येणाऱ्या पर्यटकांची गर्दी असते. १४ मार्च २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर ‘रेस्क्यू ११६’ हे सिकोर्स्की हेलिकॉप्टर मेयोच्या किनाऱ्याजवळ ब्लॅकरॉक बेटावर आदळले. एका मच्छीमाराला रुग्णालयात हलवण्याच्या मोहिमेत दुसऱ्या हेलिकॉप्टरला साथ देण्यासाठी ते निघाले होते. चौघेही गेले, दोघांचे मृतदेह आजतागायत मिळालेले नाहीत. कॅप्टन डॅरा फिट्झपॅट्रिक या ४५ वर्षांच्या वैमानिक ग्लेनकलनच्या रहिवासी होत्या आणि त्यांचा अंत्यविधी याच गावातील सेंट पॅट्रिक चर्चमध्ये झाला. या डोंगरउतारावर पात्यांचा आवाज घुमला की मान वर होते ती कपाळावर आठी घालून नव्हे, त्याचे कारण येथे सापडते.

ध्वनिशास्त्र या फरकाची फारशी दखल घेत नाही. हेलिकॉप्टरच्या फिरत्या पात्याच्या टोकाला हवेचा भोवरा तयार होतो आणि मागून येणारे पाते त्या भोवऱ्यावर आपटते. उतरताना ऐकू येणारा ‘फट् फट्’ हा ठोका त्यातूनच निघतो. त्यातील खालच्या पट्टीचे स्वर भिंती-खिडक्यांना सहज जुमानत नाहीत आणि दरीत ते प्रतिध्वनीने लांबतात. युरोपात २००२ च्या पर्यावरणीय ध्वनी निर्देशानुसार जे मोजमाप होते, त्यात वर्षभराची सरासरी काढताना संध्याकाळच्या आवाजाला ५ आणि रात्रीच्या आवाजाला १० डेसिबलचा अधिभार लावला जातो. महामार्गासाठी ही पद्धत बरी आहे. दिवसातून काही वेळा, काही मिनिटे डोक्यावर घोंगावणारे यंत्र मात्र सरासरीत विरघळून जाते. अंगणात बसलेल्या माणसाच्या अनुभवात ते विरघळत नाही. शिवाय आवाज करणाऱ्याविषयी ऐकणाऱ्याचे मत काय, त्याचा उपयोग कोणाला, तो थांबवणे कोणाच्या हाती आहे, यांवर त्रासाची तीव्रता बरीच ठरते, हे ध्वनित्रासाच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे.

मग उरते तक्रारवही. तिचीही मर्यादा डब्लिनने पाहिली आहे. २०२२ मध्ये डब्लिन विमानतळाकडे एकाच व्यक्तीने २३,४३१ तक्रारी केल्या, म्हणजे दिवसाला सरासरी ६४. या आकड्याची जगभर थट्टा झाली. ती थोडी अन्यायकारकच होती, कारण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नवी उत्तर धावपट्टी सुरू झाली आणि विमानांच्या मार्गांमुळे त्रासलेली इतर कुटुंबे खरोखरच होती. पण मुद्दा असा की तक्रारींची संख्या त्रासाचे माप देत नाही आणि ज्यांना आवाज आवडतो त्यांच्यासाठी तर कोणतीच वही नसते. हेलिकॉप्टर आले की गच्चीवर धावणारी मुले, आवाजावरून यंत्राची जात ओळखणारे हौशी, ‘कोणाला तरी मदत मिळते आहे’ म्हणून निश्चिंत होणारी आजी, यांची नोंद कोणत्याही सुनावणीत होत नाही. त्यांना विक्षिप्त ठरवून बाजूला सारण्यापेक्षा त्यांच्या आवडीतून काय कळते ते पाहिले पाहिजे.

ते सर्वांत स्पष्ट दिसते केदारनाथच्या दरीत. मराठी घरांशी या दरीचे नाते जुने आहे. जून २०१३ च्या प्रलयात महाराष्ट्रातील असंख्य यात्रेकरू तेथे अडकले होते. रस्ते वाहून गेले होते, फोन बंद होते आणि सुटकेची मोठी आशा आकाशातून येणाऱ्या आवाजावर होती. हवाई दलाने ‘ऑपरेशन राहत’मध्ये सुमारे २० हजार लोकांना उचलून आणले. २५ जूनला गौरीकुंडजवळ एक एमआय-१७ कोसळले आणि २० जणांनी प्राण गमावले. तरीही उड्डाणे चालू राहिली. त्या जूनमध्ये डोंगरकड्यावर बसून पात्यांची चाहूल ऐकलेल्या माणसाला हा आवाज ‘प्रदूषण’ आहे असे कोण सांगेल?

तीच दरी, तेच गौरीकुंड, १५ जून २०२५. पहाटे केदारनाथहून गुप्तकाशीकडे परतणारे बेल ४०७ कोसळले. वैमानिकासह सात जण गेले. त्यांत यवतमाळ जिल्ह्यातील एका कुटुंबातील आई, वडील आणि दोन वर्षेही पूर्ण न झालेली मुलगी होती. चारधामच्या हंगामातील सव्वा महिन्यातली ही पाचवी घटना. सेवा दोन दिवस थांबली, चौकशीचे आदेश निघाले, नियम कडक करण्याचे आश्वासन मिळाले. मधल्या बारा वर्षांत संकटकाळचे वाहन नित्याची फेरी झाले होते. फाटा, सिरसी आणि गुप्तकाशीहून हवामान बरे असेल तेव्हा एकामागून एक उड्डाणे. गौरीकुंडहून १६ किलोमीटरची चढण काही मिनिटांत संपते. खेचरवाले आणि डोलीवाले वाटेवरून ती पाहतात. वर जाणाऱ्या प्रत्येक फेरीतले प्रवासी त्यांच्या धंद्यातून वजा झालेले असतात. त्यांच्या कानांना तो आवाज कसा लागत असेल, हे सांगायला डेसिबलमापक लागत नाही.

म्हणजे आवाज बदललेला नाही. त्याचे कारण बदलले, संख्या बदलली आणि त्याची किंमत मोजणारे बदलले. नियमन याच तीन गोष्टींचे व्हायला हवे. बचावाच्या उड्डाणाला मर्यादा नको. यात्रेच्या आणि सहलीच्या उड्डाणांना सरासरी डेसिबलची नव्हे, तर तासागणिक फेऱ्यांची मर्यादा हवी. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनवर १९८६ मध्ये सहलीचे विमान आणि हेलिकॉप्टर हवेत धडकून २५ जण गेले, तेव्हा पुढच्याच वर्षी संसदेने कायदा करून त्या दरीतील उड्डाणांना उंची आणि मार्गांची शिस्त लावायला सांगितले. सुरक्षितता आणि शांतता हे दोन प्रश्न तेथे एकाच कायद्यात आले. केदारनाथमध्येही ते वेगळे करता येणार नाहीत: कमी उंचीवरून दाटीवाटीने होणारी उड्डाणे कानाला जितकी जाचक, तितकीच जिवाला घातक.

या मांडणीला एक जागा मात्र अपवाद आहे. १९७२ मध्ये घोषित झालेल्या केदारनाथ अभयारण्यात कस्तुरीमृग आणि मोनाल राहतात. हेलिकॉप्टर जखमीला नेते आहे की चढण टाळणाऱ्याला, हे कस्तुरीमृगाला कळत नाही. त्याच्या लेखी हेतू शून्य, अंतर सर्वस्व. जमिनीपासून किमान ६०० मीटर उंची राखण्याची शिफारस भारतीय वन्यजीव संस्थेने केली, ती त्यासाठीच. अरुंद दरीत ढग खाली आले की ती पाळणे वैमानिकाला अवघड जाते आणि अशा वेळी उड्डाण रद्द करणे कंपनीला परवडत नाही. नियम मोडतो तो या दोन अडचणींच्या मध्ये.

मार्च २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सोनप्रयाग ते केदारनाथ या १२.९ किलोमीटरच्या रज्जुमार्गाला मंजुरी दिली. खर्च ४,०८१ कोटी रुपये. आठ-नऊ तासांचा प्रवास ३६ मिनिटांवर येईल, असा सरकारचा दावा आहे. तो उभा राहीपर्यंत गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांची केदारनाथची इच्छा हेलिकॉप्टरच्याच आसनावर पुरी होणार आणि ते आसन अनेकदा सातासमुद्रापार बसलेला मुलगा किंवा मुलगी संगणकावर आरक्षित करणार. ही सोय अवाजवी म्हणता येत नाही. परंतु सकाळी सँडीफोर्डमध्ये डंड्रमच्या ड्रोनविरुद्ध हरकत नोंदवणारा आणि संध्याकाळी फाट्याहून दोन जागा धरणारा ग्राहक एकच असू शकतो. ढगाळ हवेमुळे फेरी रद्द झाल्याचा निरोप आला, तर त्याच दिवशी दुसरी जागा मिळवून देण्यासाठी कंपनीवर दबाव न आणणे एवढे तरी त्याच्या हाती आहे. यात्रेसाठी हाताशी दोन दिवस जास्त ठेवले, तर तो दबाव आणण्याची वेळही येत नाही.