बंदी न घालताही गप्प करता येतं

शोस्ताकोविचचा 'लेडी मॅकबेथ' हा ऑपेरा १९३४ पासून सोव्हिएत रशियात दोन वर्षं गाजत होता. जानेवारी १९३६ मध्ये स्टॅलिन बघायला आला आणि शेवट न बघताच निघून गेला. दोन दिवसांनी 'प्रावदा'त निनावी लेख: हे कसलं संगीत, हा तर नुसता गोंधळ!

झालं. कालपर्यंत वाहवा करणारे समीक्षक रातोरात फिरले. त्याच वर्षी चौथी सिंफनी तालमी चालू असताना मागे घ्यावी लागली. ती लोकांनी ऐकली थेट १९६१ मध्ये.

साहेबांची नापसंती कळली की पुढचं काम आजूबाजूचे लोक न सांगता करतात. म्हणून कलाकार गप्प का, असं विचारण्याआधी टाळ्या वाजवणारे कुठे गेले, ते विचारा.