सुई बदलली की गाणे बदलते काय?

माळ्यावरच्या जुन्या रेकॉर्ड आता पुन्हा खाली येऊ लागल्या आहेत. त्यांत नाट्यगीते असतात, भावगीते असतात, जयंतीच्या दिवशी वस्तीत वाजलेली भीमगीतेही असतात. नवा रेकॉर्ड प्लेअर घेतला की दुकानदार विचारतो, “कार्ट्रिज कोणते देऊ?” इथे भल्याभल्यांचा गोंधळ उडतो. कोणी सांगतो, महागातले घ्या. कोणी सांगतो, जुने परदेशी शोधा. आमचे म्हणणे एवढेच की, कोणी सांगितले म्हणून मानू नका, आपल्या कानांनी पारखा. मात्र पारखायचे कसे, हे आधी समजून घेतले पाहिजे.

कार्ट्रिज म्हणजे आर्मच्या टोकाला बसविलेली लहानशी डबी. तिची हिऱ्याची सुई रेकॉर्डच्या चरातून जाताना थरथरते आणि त्या थरथरीची वीज होते. ‘मूव्हिंग मॅग्नेट’ प्रकारात चुंबक हलतो. ‘मूव्हिंग कॉइल’ प्रकारात तारेचे वेटोळे हलते. पहिल्यातून साधारण तीन ते पाच मिलिव्होल्ट मिळतात, दुसऱ्यातून पुष्कळदा अर्धा मिलिव्होल्टही नाही.

तुलनेतील पहिली फसगत इथेच होते. ज्याचा आवाज मोठा, ते कार्ट्रिज कानाला चांगले वाटते. म्हणून दोन्हींचा आवाज सारखा करून मगच ऐकावे. रेकॉर्ड तीच, गाणे तेच, स्पीकरही तेच असावेत. सुईचा भार छोट्या काट्यावर मोजून कंपनीने सांगितला असेल तितकाच ठेवावा. भार कमी ठेवला म्हणजे रेकॉर्ड जपली जाते, हा गैरसमज आहे. हलकी सुई चरात उड्या मारते आणि त्याच्या भिंतींना इजा करते. आर्मवर नाणे ठेवण्याची जुनी युक्तीही आता सोडून द्यावी.

एक उदाहरण घेऊ. ऑडिओ-टेक्निका या जपानी कंपनीने २०१८ साली व्हीएम ९५ ही मालिका काढली. हिची डबी एकच, पण सुया निरनिराळ्या बसतात. गोल टोकाची सुई आहे, लंबगोल टोकाची आहे आणि अतिशय बारीक कडांची ‘मायक्रोलिनियर’ही आहे. त्यामुळे फरक सुईच्या टोकाचा किती, हे घरीच तपासता येते.

पहिले गाणे लावले तर फरक ओळखणे कठीण जाते. शेवटचे गाणे लावा. एलपीच्या बाहेरच्या कडेला चर सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर वेगाने सरकतो. आत लेबलजवळ हाच वेग २१ सेंटिमीटरवर येतो. तेवढ्याच क्षणाचे गाणे निम्म्याहून कमी जागेत कोंबलेले असते. गोल सुईला त्या बारीक वळणांत शिरता येत नाही. मग गायकाचे ‘स’ आणि ‘श’ फुसफुसू लागतात, झांजेचा नाद फाटतो. बारीक टोकाची सुई तेच शब्द स्वच्छ उचलते. मात्र ती नेमकी सरळ बसवावी लागते. वाकडी बसली तर तिच्यावर खर्च केलेले पैसे वाया गेलेच म्हणून समजा.

७८च्या रेकॉर्डची गोष्ट वेगळी. तिचा चर रुंद असतो. एलपीची सुई त्याच्या तळाशी घासत जाते आणि खरखर तेवढी वाढते. ७८साठी सुमारे तीन मिलची, म्हणजे इंचाच्या तीन हजारांश त्रिज्येची, वेगळी सुई लागते. ती एलपीवर मात्र कधीही ठेवू नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. सुई झिजते. या मालिकेतील साध्या लंबगोल सुईचे आयुष्य कंपनी सुमारे ३०० तास सांगते, मायक्रोलिनियरचे १०००. रोज एक एलपी दोन्ही बाजूंनी, म्हणजे साधारण ४० मिनिटे, वाजवली तर ३०० तास सव्वा वर्षात संपतात. झिजलेल्या सुईच्या कडा धारदार होतात आणि त्या चर खरवडतात. सुई बाजारात नवी मिळते. पण जिची दुसरी प्रत कुठे सापडत नाही, अशा रेकॉर्डवरचा आवाज एकदा खरवडला गेला की तो परत येत नाही.

तेव्हा महाग कार्ट्रिजची हौस नंतर करा. पैसे बेताचे असतील तर आधी नवी सुई, भाराचा काटा आणि मऊ ब्रश घ्या. रेकॉर्ड पुसून घ्या. घरातील जी रेकॉर्ड दुर्मीळ असेल, ती नव्या सुईने वाजवून संगणकात उतरवून ठेवा. मुला-नातवंडांना ऐकवायला ती प्रत कामाला येईल, आणि मूळ रेकॉर्डलाही विश्रांती मिळेल.