सही राहिली, पत्र गेलें

थोरामोठ्यांच्या सह्या जमविण्याचा छंद कोणास निरुपद्रवी वाटला, तर आम्ही त्याच्याशीं भांडणार नाहीं. क्रीडांगणाच्या दाराशीं वही पुढें करून उभ्या राहिलेल्या मुलाला सही मिळते, तेव्हां त्या खेळाडूची क्षणभर गांठ पडल्याचा आनंदही मिळतो. परंतु अमेरिकेंत बेसबॉलच्या आद्य खेळाडूंच्या सह्यांचा जो व्यापार चालतो, त्यांत गांठीभेटीचा प्रश्नच नाहीं; माणूस केव्हांच मातीस मिळालेला असतो. शोध असतो तो त्याच्या हातच्या चार अक्षरांचा, आणि तीं जितकीं दुर्मिळ तितकी त्यांची किंमत मोठी. या व्यापारास इतिहासरक्षणाचें नांव देण्यांत येतें. तें नांव त्याला शोभत नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रथम जो जॅक्सनचेंच उदाहरण घेऊं. दक्षिण कॅरोलायनांतील कापडाच्या गिरणींत लहानपणींच कामास लागलेल्या या मुलाला शाळा ठाऊक नव्हती. पुढें तो अमेरिकेंतील अव्वल फलंदाजांत गणला गेला. १९१९ सालच्या अजिंक्यपदाच्या सामन्यांत लांच खाल्ल्याच्या प्रकरणांत तो सांपडला. १९२१ सालीं ज्यूरीनें निर्दोष ठरवूनही त्याला खेळांतून कायमचें हांकलण्यांत आलें. तो १९५१ सालीं वारला, आणि बंदी उठली ती २०२५ सालीं! या माणसाला लिहितां-वाचतां येत नव्हतें. चाहत्यांसाठीं त्याच्या नांवाची सही बहुधा त्याची पत्नी केटी करी. जो स्वतः क्वचित् सही करी, ती नमुना पाहून चित्र काढावें तशी. म्हणूनच त्याच्या सहीचें एक छायाचित्र २०२१ सालीं १४ लक्ष डॉलरांहून अधिक किंमतीस विकलें गेलें. ज्या निरक्षरतेनें त्याला जन्मभर अडविलें, तिचाच हा भाव आहे. त्याच्या खेळाचें मोल यांत कोठें आलें?

याच जॅक्सनच्या मृत्युपत्राची कथा तर फारच बोधप्रद आहे. त्यावर त्याची स्वतःची सही आहे आणि तें ग्रीनव्हिल परगण्याच्या सरकारी दप्तरांत आहे. १९५९ सालीं केटी वारली, आणि तिच्या इच्छेनुसार तिच्या मालमत्तेचा वारसा दोन धर्मादाय संस्थांकडे गेला: एक हृदयरोगाविरुद्ध झटणारी, दुसरी कर्करोगाविरुद्ध. सह्यांचा बाजार चढल्यावर या संस्थांनीं तें मृत्युपत्रच आपल्या हवालीं करावें म्हणून दावा मांडला; विकून येणारा पैसा सत्कार्यास लागेल, हा हेतु. १९९७ सालीं दक्षिण कॅरोलायनाच्या सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, मृत्युपत्र हा सार्वजनिक दस्तऐवज असून तो दप्तरांतच राहिला पाहिजे. या निकालाचें आम्ही मनापासून स्वागत करितों. हेतु उदात्त होता हें आम्हांस मान्य आहे; पण उदात्त हेतूसाठीं एक कागद दप्तराबाहेर पडला, म्हणजे त्याच वाटेनें क्षुद्र हेतूसाठीं दहा कागद बाहेर पडतात.

कित्येक तर न विचारतांच पडले आहेत. १८६९ सालीं सिनसिनाटी येथें उघडपणें वेतन घेऊन खेळणारा पहिला संघ ज्यानें बांधला, तो हॅरी राइट जन्मानें इंग्रज आणि एका क्रिकेटपटूचा मुलगा. त्याचा पत्रव्यवहार आल्बर्ट स्पॉल्डिंगच्या संग्रहाबरोबर १९२१ सालीं न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयास मिळाला. खेळाचा धंदा कसा उभा राहिला, हें ज्यांवरून कळावयाचें, असे हे कागद. १९७० नंतरच्या दशकांत त्या संग्रहांतील पुष्कळ कागद चोरीस गेले. आणि २००९ सालीं राइटला लिहिलेलीं कांहीं पत्रें एका लिलांवांत झळकलीं! बोभाटा झाल्यावर तीं मागें घ्यावीं लागलीं आणि सरकारी चौकशी सुरू झाली. चोराला दोष सारेच देतात. पण "हें पत्र कोठून आलें?" एवढा एक प्रश्न न विचारतां जो थैली मोकळी करतो, त्याला काय म्हणावें? गिऱ्हाईक नसतें, तर चोरानें जुनीं पत्रें चोरून काय चूल पेटविली असती?

या गिऱ्हाइकाला शिक्षाही त्याच बाजारांत मिळते. १९९९ च्या सुमारास अमेरिकेच्या मध्यवर्ती तपास खात्यानें कॅलिफोर्नियांतील बनावट सह्या करणारी एक मोठी टोळी पकडली. तिच्या मालांत चक्क मदर तेरेसांच्या 'सहीचा' बेसबॉलचा चेंडू होता! जेथें माणसाशीं कांहीं कर्तव्य नाहीं, केवळ अक्षरांशीं आहे, तेथें कलकत्त्याच्या सेवाव्रती मातेच्या हातींही चेंडू येतो, आणि कोणास त्याचें हंसूं येत नाहीं.

यावर असें उत्तर मिळेल कीं, संग्राहक नसते तर हे कागद उंदरांनीं खाल्ले असते. यांत तथ्य आहे, आणि तें आम्ही नाकारीत नाहीं. स्पॉल्डिंगचा संग्रह हाही अखेर संग्रहच होता. पण संग्राहक निराळा आणि सहीचा सौदागर निराळा. संग्राहक पत्र अखंड ठेवतो, तें कोठून आलें हें सांगतो, अभ्यासकास वाचूं देतो, आणि शेवटीं सार्वजनिक ठिकाणीं ठेवून जातो. सौदागराला मजकुराची अडचणच होते. पत्राच्या तळाची सही कातरून घेऊन ती खेळाडूंच्या चित्रांच्या पत्त्यांत बसविण्याचा उद्योग तेथें राजरोस चालतो. आपल्याकडील एखाद्या मोडी पत्राचें मोर्तब कापून घेऊन मजकूर रद्दींत टाकणाऱ्यास आपण इतिहासप्रेमी म्हणूं काय? सही ही मजकुराची साक्ष आहे. मजकूरच गेल्यावर ती साक्ष द्यावी कशाची?

आमच्या वाचकांच्या घरींही सह्यांच्या वह्या असतील, आणि परदेशीं असलेल्या आप्तांकडून अशा वस्तु भेटीदाखल येतही असतील. त्या वह्या मुलांनीं खुशाल भराव्या. मात्र जुन्या पत्रावर नजर पडली, तर आधीं तें वरपासून वाचावें, कोणाचें व कोठलें याची चौकशी करावी, आणि सहीपर्यंत शेवटीं यावें. लिहिणाराही तेथें शेवटींच आला होता.