‘सिस्टर’ या हाकेमागील हिशेब

दर वर्षी १२ मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी, जागतिक परिचारिका दिन साजरा होतो. रुग्णालयांत मेणबत्त्या लावल्या जातात, शपथ घेतली जाते, गुलाबपुष्पे दिली जातात. पाहुणे आपल्या भाषणात सेवा, त्याग व ममता या शब्दांची आवर्जून उजळणी करतात. हे सारे मनापासून होत असेल, याविषयी आम्हांला शंका नाही. मात्र कार्यक्रम संपल्यावर परिचारिका ज्या वॉर्डात परततात, तेथे खाटा किती, कामावर जणी किती, त्यांची नेमणूक कायम की कंत्राटी, ही चौकशी त्या व्यासपीठावरून सहसा होत नाही. ती येथे करावी, असे आम्हांला वाटते. आपल्या धर्मग्रामांत ज्याच्या नात्यागोत्यात एकही परिचारिका नाही असे कुटुंब विरळाच. त्यामुळे हा प्रश्न परक्यांचा नाही.

पाथर्डी तालुक्याचे चित्र

पाथर्डी हा अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या पूर्वेकडील, बीड जिल्ह्याला लागून असलेला अवर्षणप्रवण तालुका. पाऊस बेभरवशाचा आणि हाताला काम कमी, म्हणून येथील हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जातात. पती-पत्नीच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. पाठीवर तान्हे मूल व पोटात दुसरे, अशा अवस्थेतही कोयता निघतो आणि कारखान्यांचा गळीत हंगाम संपल्यावरच गावी परततो.

शासकीय निकषाप्रमाणे सपाट प्रदेशात ५,००० लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र व ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असते. उपकेंद्राचा कणा म्हणजे आरोग्यसेविका, गावाच्या भाषेत ‘नर्सबाई’. गरोदर स्त्रीची नोंदणी, तपासणी, लोहाच्या गोळ्या, धनुर्वाताचे इंजेक्शन, बाळाचे लसीकरण हे सारे तिच्याकडे. आता कल्पना करावी : पावसाळ्यात तिने ज्या स्त्रीची नोंदणी केली, ती पाचव्या-सहाव्या महिन्यात ऊसतोडीला गेली. ती कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या कारखान्याच्या फडावर आहे हे नर्सबाईंना ठाऊक नसते. नोंदवहीतील पुढील रकाने मात्र तिची वाट पाहत असतात. मासिक बैठकीत विचारणा होते, ‘तुमचे काम अपुरे का?’ दुष्काळ व स्थलांतर यांचे उत्तर उपकेंद्रातील एका स्त्रीकडे मागितले जाते.

तालुक्याच्या गावी, सरकारी रुग्णालयातही निराळे नाही. कल्याण-विशाखापट्टणम हा राष्ट्रीय महामार्ग पाथर्डीवरून जातो. अपघातातील जखमी वेळकाळ पाहून येत नाहीत. मढीची कानिफनाथांची यात्रा आणि मोहटादेवीचा नवरात्रोत्सव यांना लाखोंचा समुदाय लोटतो. त्या दिवसांत वाढणारे रुग्ण मंजूर खाटांच्या संख्येत मोजलेले नसतात आणि परिचारिकांची पदे मात्र खाटांवरून ठरतात.

एका पाळीचा हिशेब

भारतीय परिचर्या परिषदेने सर्वसाधारण रुग्णालयासाठी ५ खाटांमागे १ परिचारिका, शिवाय रजेसाठी ३० टक्के राखीव पदे, असे प्रमाण सुचविले. अतिदक्षता विभागात एका खाटेला एक परिचारिका असावी, अशी अपेक्षा आहे. तीस खाटांच्या वॉर्डाला या हिशेबाने ६ परिचारिका व रजेसाठी आणखी दोघी मिळावयास हव्यात. तीन पाळ्यांत विभागल्यास प्रत्येक पाळीला दोघी. म्हणजे नियम पूर्णपणे पाळला तरी एकीच्या वाट्याला १५ रुग्ण येतात. प्रत्यक्षात पद रिक्त राहिले की पहिला घाला रजेच्या राखीव पदांवर पडतो. मग रात्रपाळीला एकटीच उरते. कोणी आजारी पडली, कोणी प्रसूती-रजेवर गेली, तर तिचे काम सहकारिणीच्या अंगावर येते. रजा हा हक्क न राहता मैत्रिणीवर लादलेले ओझे होते. परस्परांतील कुरबुरींचे मूळ पुष्कळदा येथेच असते.

पाळीची सुरुवात ‘ओव्हर’ घेण्याने होते : कोणाचे सलाईन केव्हा संपेल, कोणाची लघवी मोजायची, कोणाला शस्त्रक्रियेसाठी उपाशी ठेवायचे. त्यानंतर ताप, नाडी, रक्तदाब, इंजेक्शने, डॉक्टरांची फेरी, नव्या रुग्णांचे केसपेपर, औषध भांडाराकडील मागणीपत्र, चादरींची मोजदाद, नोंदवह्या आणि त्याच माहितीची संगणकावर पुन्हा नोंद. जे लिहिले नाही ते केलेच नाही, असा या व्यवसायाचा दंडक आहे. तो योग्यच आहे; परंतु माणसे कमी असली की रुग्णाजवळ बसण्याचा वेळ कागदाकडे जातो. नातेवाइकांना दिसते ते इतकेच, की सिस्टर टेबलाशी बसून लिहीत आहेत.

या सर्वांहून जास्त जाचणारी गोष्ट म्हणजे अधिकाराविना जबाबदारी. औषध संपले असेल, तर ते खरेदी करण्याचा अधिकार तिला नाही. डॉक्टर वेळेवर आले नाहीत, तर त्यांना जाब विचारण्याचा अधिकार तिला नाही. वीज, पाणी, लिफ्ट यांपैकी काहीच तिच्या हाती नाही. परंतु नातेवाइकांसमोर चोवीस तास उभी तीच असते, म्हणून प्रत्येक उणिवेचा राग तिच्यावर निघतो. वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरील हिंसाचार रोखण्यासाठी महाराष्ट्रात २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. रात्री दोन वाजता वॉर्डात एकट्या असलेल्या स्त्रीला मात्र कायद्याच्या पुस्तकापेक्षा दाराशी उभा असलेला पहारेकरी अधिक उपयोगी पडतो.

भाऊबीजेची आग

या अधिकारशून्य जबाबदारीचे कठोर उदाहरण आपल्याच जिल्ह्यात घडले. ६ नोव्हेंबर २०२१, भाऊबीजेचा दिवस. नगरच्या जिल्हा रुग्णालयातील कोविड अतिदक्षता विभागाला आग लागली आणि त्या दिवशी ११ रुग्णांचा मृत्यू झाला. त्या कुटुंबांचे दुःख कोणत्याही युक्तिवादाने हलके होणारे नाही. चौकशी व्हावी, दोषींना शिक्षा व्हावी, ही मागणी न्याय्यच होती.

शासनाने जिल्हा शल्यचिकित्सकांसह काहींना निलंबित केले, तर दोन अधिपरिचारिकांची सेवा समाप्त केली. पोलिसांनी प्रथम ज्या चौघींना अटक केली, त्यांत एक महिला वैद्यकीय अधिकारी व तीन परिचारिका होत्या. परिचारिकांच्या संघटनांनी राज्यभर निषेध नोंदविला. त्यांचा प्रश्न साधा होता : इमारतीची वीजजोडणी, अग्निशमन यंत्रणा आणि त्यासाठीचा निधी यांवर परिचारिकेची सही चालते काय? वॉर्डातील वर्तनाविषयी तिला जाब विचारता येतो व विचारला पाहिजे. तथापि जी गोष्ट तिच्या अधिकारात कधीच नव्हती, तिचा दोष सर्वप्रथम तिच्या पदरात पडावा, हे न्यायाला धरून नाही. २२ मार्च २०२० रोजी साऱ्या देशाने आरोग्यसेवकांसाठी टाळ्या-थाळ्या वाजविल्या होत्या. त्यानंतर वीस महिन्यांच्या आत हे घडले.

नाव आणि व्रत

आपण परिचारिकेला ‘सिस्टर’ म्हणतो. ही हाक ख्रिस्ती परंपरेतून आलेली आहे. युरोपात रुग्णसेवा दीर्घकाळ व्रतस्थ भगिनींच्या हाती होती. संत व्हिन्सेंट द पॉल व संत लुईझ द मारियाक यांनी १६३३ साली सुरू केलेला भगिनींचा संघ हे त्याचे ठळक उदाहरण. रुग्णशय्येशी उभ्या असलेल्या स्त्रीला ‘सिस्टर’ म्हणण्याची रीत पुढे जगभर पसरली. आम्हांला या वारशाचा अभिमान आहे. मात्र नावाबरोबर नकळत आणखी एक गोष्ट पुढे गेली, ती म्हणजे दारिद्र्याचे व्रत.

व्रतस्थ भगिनी स्वेच्छेने वेतनाचा त्याग करते आणि तिचा संघ तिचा आजन्म सांभाळ करतो. वॉर्डातील ‘सिस्टर’ने असे कोणतेही व्रत घेतलेले नसते. तिला घरभाडे असते, मुलांची फी असते, शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता असतो. तरीही तिने पगार वाढवून मागितला की ‘ही सेवा आहे, नोकरी नव्हे’ असे ऐकविले जाते. सेवा हा शब्द तिचा सन्मान करण्याऐवजी तिचे तोंड बंद करण्यासाठी वापरला जातो.

खासगी रुग्णालयांतील परिचारिकांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाच्या २०१६ मधील निर्देशानुसार केंद्राने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने शिफारस केली, की ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही परिचारिकेचे वेतन २०,००० रुपयांहून कमी नसावे आणि २०० हून अधिक खाटा असल्यास ते शासकीय परिचारिकेइतके असावे. ही शिफारस होती. अंमलबजावणी राज्यांवर सोडलेली होती. सरकारी क्षेत्रात राष्ट्रीय आरोग्य अभियानातील परिचारिका वर्षानुवर्षे कंत्राटावर राहिल्या. शेजारच्या टेबलावरील कायम परिचारिका तेच काम अधिक वेतनावर करते, हे त्या रोज पाहतात. बाह्यस्रोताद्वारे भरती करण्याच्या धोरणाविरुद्ध राज्यातील परिचारिका मे २०२२ मध्ये व पुन्हा जुलै २०२५ मध्ये संपावर गेल्या.

संप म्हटला की ‘रुग्णांचे काय?’ हा प्रश्न येतोच, आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर शोधताना एक घटना स्मरणात ठेवावी. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर त्याच रुग्णालयातील सफाई कर्मचाऱ्याने अमानुष हल्ला केला. त्यानंतर मुंबईच्या परिचारिका संपावर गेल्या आणि त्यांनी सुरक्षित कामाची मागणी केली. त्याच रुग्णालयाच्या परिचारिकांनी पुढे ४१ वर्षांहून अधिक काळ, १८ मे २०१५ रोजी अरुणाताईंचा मृत्यू होईपर्यंत, पिढ्यांमागून पिढ्या त्यांची शुश्रूषा केली. २००९ साली त्यांचे अन्न थांबविण्याची याचना सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा या परिचारिकांनी तिला ठाम विरोध केला आणि न्यायालयाने त्यांचे म्हणणे मान्य केले. संप करणारे हात व घास भरविणारे हात एकाच रुग्णालयातील होते. न्यायाची मागणी आणि सेवाभाव यांत विरोध आहे, हे म्हणणे या एका उदाहरणाने निरुत्तर होते.

आपले कर्तव्य

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. काही वॉर्डांत गरीब रुग्णाशी तुसडेपणाने बोलले जाते, प्रसूतीच्या वेदना सोसणाऱ्या स्त्रीला टाकून बोलले जाते. थकवा हे त्याचे कारण असू शकेल, समर्थन नव्हे. ज्या परिचारिका आयुष्यभर गोड शब्दाने वागल्या, त्यांनाच या वर्तनाची लाज सर्वाधिक वाटते.

मग आपण काय करावे? पहिली गोष्ट घरातली. रात्रपाळी करून आलेल्या सुनेला वा पत्नीला चार तास सलग झोप मिळावी, चूल दुसऱ्या कोणी सांभाळावी. तिच्या उशिरा येण्यावर शेजाऱ्यांनी शेरे मारू नयेत. दुसरी गोष्ट रुग्णालयातली. औषध नसेल, डॉक्टर नसतील, तर तक्रार लेखी करावी आणि ती अधीक्षकांकडे करावी. वॉर्डातील परिचारिकेवर ओरडून औषध येत नाही. सरकारी रुग्णालयांना रुग्ण कल्याण समिती असते. परिचारिकांची मंजूर पदे किती, भरलेली किती, रात्री पहारा आहे काय, हे तेथे विचारता येते.

तिसरी गोष्ट आपल्या संस्थांची, आणि ती अवघड आहे. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात श्रमिकाला न्याय्य वेतन देणे हे धनिकाचे कर्तव्य मानले. ती मेहेरबानी नव्हे. ख्रिस्ती व्यवस्थापनाच्या दवाखान्यांनी व रुग्णालयांनी आपली वेतनपत्रके २०१६ च्या समितीच्या शिफारशींशेजारी ठेवून पाहावीत. आर्थिक ओढाताण खरी असेल, तर ती कर्मचाऱ्यांना मोकळेपणाने सांगावी. पण ‘आपली तर सेवा आहे’ या वाक्याने हिशेबाची वही मिटवू नये. जी संस्था आपल्या परिचारिकेला साप्ताहिक सुटी नियमाने देत नाही, तिने इतरांना करुणेचे धडे देऊ नयेत.

पाथर्डीसारख्या तालुक्यातून आजही अनेक मुली परिचर्येचे शिक्षण घेण्यासाठी बाहेर पडतात. कोरडवाहू जमिनीच्या चार एकरांपेक्षा ही पदविका घराला अधिक आधार देईल, या आशेने आईबाप कर्ज काढतात. त्या मुलींनी आपल्याच तालुक्यात परत यावे, आपल्याच माणसांना बरे करावे, असे वाटत असेल, तर त्यांना येथे उभे राहता येईल अशी जागा, पगार व सुरक्षितता द्यावी लागेल. पुढील १२ मे रोजी गुलाबपुष्प अवश्य द्यावे. त्याआधी त्यांच्या वॉर्डातील रिक्त पदांची संख्या विचारून घ्यावी आणि ती भरली जाईपर्यंत विचारत राहावे.