एक दिवस एकट्याचा

मोठ्या कुटुंबात वाढलेल्या मनुष्यास एकांत हा शब्द पोथीत भेटतो. घरात त्याची गाठ पडणे कठीण. पहाटे डोळा उघडल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत कोणी ना कोणी हाक मारीत असते. ज्याला कोणीच हाक मारीत नाही त्याची स्थिती याहून वाईट, हे आम्ही जाणतो. म्हणून एकत्र कुटुंबाची निंदा करण्याचा आमचा मानस नाही. आमचीही तीन पिढ्यांची बारा माणसे गिरगावात एकाच बिऱ्हाडात नांदतात. तथापि "उद्या मी एकटाच अलिबागेस जाऊन येतो" एवढे वाक्य उच्चारताच त्या घरात जी शांतता पसरली, ती विचार करण्याजोगी आहे. चिरंजीवांनी प्रकृतीची चौकशी केली. सूनबाईंनी "आमचे काही चुकले का?" असे विचारले. बंधुराज म्हणाले, "एकटाच? मग तिथे जाऊन करणार काय?"

या तीन प्रश्नांत आपल्या समाजाची एक समजूत दडलेली आहे. एकटे जाणारा मनुष्य एकतर आजारी असला पाहिजे, नाहीतर रुसलेला, नाहीतर रिकामटेकडा. वस्तुतः भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना एकांत स्थळाची आवड हेही एक लक्षण गणले आहे. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसत, ते कोणावर रुसून नव्हे. एकलकोंडेपणा आणि एकांत यांत भेद आहे. एकलकोंड्यास माणसे नकोशी असतात. एकांतात गेलेला मनुष्य माणसांत परत येण्यासाठीच गेलेला असतो.

आता प्रवासाविषयी. अलिबागेस जाणाऱ्याने घड्याळाआधी पंचांग पाहावे. कोकणच्या किनाऱ्यावर भरतीचा एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ येते. ज्यांनी लहानपणी पाऊणकी घोकली त्यांस हे तोंडचे गणित. आम्ही मार्गशीर्ष वद्य पंचमी निवडली. पाच पाऊण पावणेचार. म्हणजे भरती दुपारी पावणेचारच्या सुमारास, आणि पूर्ण ओहोटी तिच्या सहा तास आधी, सकाळी पावणेदहाला. अर्थात हा ठोकताळा आहे. किनाऱ्यावर पोहोचल्यावर स्थानिक मंडळींस विचारल्यावाचून पाण्यात पाऊल घालू नये. पौर्णिमा-अमावास्येस मात्र मध्यान्हीच्या सुमारास भरती असते. त्या दिवशी दुपारी किल्ल्यात जाण्याचा बेत करणाऱ्यास किनाऱ्यावरूनच दर्शन घ्यावे लागेल.

गेट वे ऑफ इंडियापासून सकाळच्या पहिल्या बोटीने निघाले की तासाभरात मांडवा येते, आणि तेथून मोटारीने अलिबाग अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारगाड्या वाहून नेणारी मोठी नौकाही सुरू झाली आहे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असताना लहान बोटी बंद असतात. तेव्हा पेणवरून एस.टी.ने जावे. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे: कोणाचीही यादी बरोबर घेऊ नये. "जाताच आहात तर थोडे वाल आणा, पेणचे पोह्याचे पापड आणा" या 'जाताच आहात तर'ने पुष्कळांचे एकांत बाजारात संपले आहेत.

ओहोटीच्या वेळी अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्यापर्यंत पायी जाता येते. शिवाजी महाराजांनी आपल्या अखेरच्या काळात, १६८० साली, हा किल्ला बांधावयास घेतला, आणि संभाजी महाराजांच्या कारकीर्दीत तो पुरा झाला. पुढे कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे हे मुख्य ठाणे झाले. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून यावर स्वारी केली, ती फसली. आत राघोजी आंग्रे यांनी १७५९ साली बांधलेले गणेश-पंचायतन आहे आणि चोहोंकडे खारे पाणी असताना गोड्या पाण्याचा साठा आहे. ही माहिती बहुतेकांस असते. आमचे मन मात्र तटापाशी रेंगाळले.

कुलाब्याच्या तटाचे मोठमोठे चिरे चुन्यावाचून एकावर एक रचलेले आहेत. दोन चिऱ्यांमध्ये फट राहते. लाट आपटली की पाणी त्या फटींत शिरते, तिचा जोर तेथे विभागला जातो, आणि पाणी निमूटपणे परत फिरते. फटी बुजवून सपाट केलेल्या भिंतीस तो सारा धक्का अंगावर झेलावा लागला असता. सव्वातीनशेहून अधिक पावसाळे झाले, तट उभा आहे. बरोबर मंडळी असती तर आम्ही कोणाला तरी इतिहास सांगत बसलो असतो, कारण चाळीस वर्षांची मास्तरकी सहजी सुटत नाही. एकटे होतो म्हणून अर्धा तास नुसते पाणी आत शिरताना आणि बाहेर येताना पाहत बसलो, आणि मनात आले की एकत्र कुटुंबाची भिंतही अशीच रचली पाहिजे. चिरे एकमेकांस टेकलेले असावेत, परंतु मध्ये थोडी फट असावी. ती फट म्हणजे भेग नव्हे.

अकराच्या आत किनारा गाठला. पाणी फिरू लागल्यावर किल्ल्यात रेंगाळणे जिवावर बेतते. किनाऱ्यावरील टांगेवाले वेळेची सूचना देतात, तिचा अनादर करू नये. नंतर एका खाणावळीत आमटी-भात आणि सोलकढी घेतली, कान्होजींच्या समाधीचे दर्शन घेतले, आणि जवळच असलेल्या चुंबकीय वेधशाळेची इमारत बाहेरून पाहिली.

या वेधशाळेची कथा मुलांना अवश्य सांगावी. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी होत असे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेची ट्राम येणार असे ठरले. विजेच्या प्रवाहाने सूक्ष्म चुंबकसूची विचलित होणार, हे ओळखून संचालक नानाभाई मूस यांनी ही मोजणी अलिबागेस हलविली. १९०४ ते १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन त्यांचा मेळ बसविला, आणि १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावू लागली. ती ट्राम १९६४ साली बंदही झाली. अलिबागची नोंद चालूच आहे. कोणी ट्रामला दोष दिला नाही, सूचीलाही दिला नाही. ट्रामच्या जवळ सूचीला पृथ्वी ऐकू येणार नाही, एवढेच समजून तिला थोडे दूर नेले. मनुष्याच्या मनाविषयी आपण इतका समंजसपणा दाखवतो काय?

येथवर वाचून घरातील पुरुषमंडळी माना डोलवतील. म्हणून आता मुख्य मुद्दा. पुरुषास एकांत अगदीच मिळत नाही असे नाही. तो कचेरीच्या वाटेवर एकटा असतो, संध्याकाळी फिरावयास गेला तर त्याला कोणी हिशेब विचारीत नाही. परंतु घरातील स्त्रीने आयुष्यात एक संपूर्ण दिवस केवळ स्वतःसाठी घालविला, असे आपल्यापैकी किती घरांत घडले आहे? ती माहेरी जाते तेव्हा कोणाची तरी लेक म्हणून, यात्रेस जाते तेव्हा कोणाची तरी सोबत म्हणून जाते. आमच्या घरी हा विषय निघाला, पुष्कळ वाद झाला, आणि अखेर असे ठरले की प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाने वर्षातून एक दिवस एकट्याने कोठेही घालवावा आणि परतल्यावर त्याला 'काय केलेस' असे विचारू नये.

या ठरावाचा पहिला लाभ आमच्या थोरल्या वहिनींनी घेतला. वय वर्षे अडुसष्ट. त्याही अलिबागेस गेल्या, किल्ल्यात न जाता सुरूच्या झाडांखाली बसून राहिल्या आणि शेवटच्या बोटीच्या आत परतल्या. नियमाप्रमाणे कोणी काही विचारले नाही. रात्री पाने वाढताना त्या आपण होऊन एवढेच म्हणाल्या, "पहिल्या घोटापासून शेवटच्या घोटापर्यंत आज चहा गरम प्यायले." पंक्तीत कोणी बोलले नाही. पन्नास वर्षे त्यांचा चहा कोणाच्या हाकांनी निवत होता, याचा हिशेब ज्याने त्याने मनात केला असावा.

वाचकहो, आपल्याही भिंतीवर पंचांग आहे. या महिन्यातील एखादी वद्य चतुर्थी किंवा पंचमी निवडा, पाऊणकी करून ओहोटीची वेळ काढा, आणि ती तारीख घरातील अशा व्यक्तीच्या हाती द्या, जिने ती आपण होऊन कधीच मागितली नसती. त्या दिवशीचा स्वयंपाक बाकीच्यांनी करावा, हे वेगळे सांगावयास नको.